घरबसल्या ‘होमलँड सिक्युरिटी’ची मास्टर्स : फी भरण्याआधी आणि भरल्यावर

दर उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो. “ताई, तुम्ही ते सिक्युरिटीचं ऑनलाइन केलंत ना? कसं आहे?” आयटीतल्या माणसाला वाटतं, हे सायबरचं काहीतरी असणार. भारतात पोलिसात असलेल्या भाच्यासाठी विचारणाऱ्याला वाटतं, थेट अमेरिकेच्या गृहखात्यात चिकटता येईल. माझ्या सासूबाईंनी तर नाशिकहून विचारलं होतं, “एवढं शिकून आता वॉचमनचा कोर्स?”

मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात आपत्कालीन नियोजनाचं काम करते. नोकरी आणि मुलांची मराठी शाळा सांभाळत अडीच वर्षांत ही मास्टर्स केली. फोनवर तासभर जे बोलते तेच इथे नीट क्रमाने लिहिते आहे. एक सांगून ठेवते. ही पदवी बंद दार उघडत नाही. तुम्ही आधीच एखाद्या दारात उभे असाल तर तिथून पुढच्या खोलीत नेते. म्हणून विद्यापीठांची यादी बरीच नंतर येईल.

हा विषय नेमका कशाचा

‘होमलँड सिक्युरिटी’, म्हणजे मायदेशाची सुरक्षा, हा शब्दप्रयोग खास अमेरिकी आहे आणि तो सरकारी खात्यातून विद्यापीठात आला. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, होमलँड सिक्युरिटी कायदा केला, २५ नोव्हेंबर २००२ला त्यावर सही झाली आणि १ मार्च २००३पासून नवं खातं, म्हणजे डीएचएस, कामाला लागलं. बावीस वेगवेगळ्या संस्था उचलून एका छपराखाली आणल्या. कस्टम्स अर्थखात्यातून आलं, कोस्ट गार्ड वाहतूक खात्यातून, इमिग्रेशन न्यायखात्यातून, शिवाय आपत्तीत मदत करणारी फेमा आणि राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारी सीक्रेट सर्व्हिस. एकत्र कुटुंबात बावीस चुली एक करायच्या म्हटल्यावर काय होईल, तेच झालं. सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या ‘गाओ’ या संस्थेने त्याच वर्षी या विलीनीकरणालाच ‘उच्च जोखमीच्या’ यादीत टाकलं.

२००५मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं आणि लक्षात आलं, की दहशतवादाकडे बघता बघता पुराकडे पाठ झाली होती. २००६मध्ये फेमाची फेररचना झाली. मे २०२१मध्ये कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी ताबा मिळवला आणि पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलसाठी रांगा लागल्या. अभ्यासक्रमही असाच थर चढत वाढला आहे. जोखमीचं विश्लेषण, गुप्तवार्ता, सीमा आणि स्थलांतर, वीज-पाणी-दवाखाने धरून सोळा ‘अत्यावश्यक क्षेत्रं’, आपत्ती व्यवस्थापन आणि भरपूर कायदा. लष्कराला देशांतर्गत पोलिसी कामाला जुंपण्यावर मर्यादा घालणारा १८७८चा पॉसी कोमिटाटस कायदा आणि आपत्तीत केंद्राचा पैसा राज्याला कसा मिळतो ते ठरवणारा १९८८चा स्टॅफर्ड कायदा, हे दोन तर पाठ होतात. बंदूक कुठेच नाही. वाचन, लेखन आणि मीटिंगा आहेत.

पहिली पायरी : आपले कागद बघा

मराठी घरांमध्ये सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येऊन ‘ऑनलाइन मास्टर्स’ करता येत नाही. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशपत्र, देतच नाही. एफ-१वर इथे असलेल्या विद्यार्थ्यालाही एका सत्रात फक्त एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक), पूर्णवेळ अभ्यासात मोजून मिळतात. त्यामुळे “ऑनलाइन करतो, मग ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी) मिळेल” हा हिशेब मुळातच चुकतो.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी चालू ठेवून शिकायला काही आडकाठी नाही. एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरही शिकता येतं. माझ्या वर्गातल्या दोघी एच-४वरच होत्या. पण शिकून झाल्यावर काम कुठे करणार, हा प्रश्न त्यांनी मला तिसऱ्या सत्रात विचारला. तो पहिल्या सत्राआधी विचारायचा असतो.

कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नेहमीच्या नोकऱ्यांना अमेरिकी नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड पुरत नाही. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्या टीएसए अधिकाऱ्यालाही नागरिकत्वाची अट आहे. राज्य, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), हॉस्पिटल, बंदर, विद्यापीठ, वीज कंपनी आणि बँका इथे मात्र पुष्कळदा काम करण्याचा कायदेशीर परवाना पुरतो. आपल्या लोकांसाठी खरी जागा बहुतेक वेळा इथेच आहे.

नागरिकत्व असलं तरी अनेक पदांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागतो. तो स्वतःहून काढता येत नाही. आधी नोकरी देणाऱ्याने तुम्हाला पसंत करायचं, मग तो प्रक्रिया सुरू करतो. “क्लिअरन्स मिळवून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. प्रक्रियेचा फॉर्म एसएफ-८६. शंभरावर पानं भरतील असा. त्यात गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, गेल्या सात वर्षांतला परदेश प्रवास आणि परदेशी नागरिक असलेले नातेवाईक विचारतात. आपल्याकडे ही नातेवाइकांची यादी संपत नाही. आईवडील, सासूसासरे, भावंडं, त्यांचे पत्ते, ते काय करतात. पुण्यातला फ्लॅट भावाबरोबर जोडनावावर आहे? लिहा. भारतातल्या बँकेत एनआरओ खात्यात पैसे पडून आहेत? लिहा. ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्या) कार्डाबद्दल विचारलं तर तेही सांगा. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे हे आपल्याला माहीत असतं, समोरच्याला असेलच असं नाही.

यातल्या कुठल्याही एका गोष्टीमुळे आपोआप नकार येत नाही. निर्णय तेरा मार्गदर्शक निकषांवर होतो आणि परदेशी संबंध हा त्यातला एक आहे. लपवाछपवी मात्र महागात पडते. गांजा न्यू जर्सीत कायदेशीर झाला तरी केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हाच आहे, हे घरातल्या विशीतल्या मुलांना आजच सांगून ठेवा.

दुसरी पायरी : दहा जाहिराती, एक वही

आता नोकरी. ‘युएसए जॉब्स’ या सरकारी संकेतस्थळावरून पाच जाहिराती काढा, आणि आपल्या काउंटीच्या, जवळच्या हॉस्पिटलच्या, बँकेच्या मिळून पाच. वहीत चार रकाने आखा : पदाचं नाव, नागरिकत्व, किमान शिक्षण, किमान अनुभव.

दहा जाहिराती भरून झाल्या की गंमत दिसते. ‘होमलँड सिक्युरिटी’ हे नाव पदवीच्या रकान्यात फारच थोड्या ठिकाणी येतं. ‘संबंधित विषय’ एवढंच असतं. केंद्रात आपत्ती व्यवस्थापनाच्या पदांचा मालिका-क्रमांक ००८९, गुप्तवार्ता विश्लेषणाचा ०१३२, सुरक्षा प्रशासनाचा ००८०. मास्टर्स असेल तर साधारणपणे जीएस-९ या सरकारी पगारश्रेणीपासून अर्ज करता येतो. त्यावर मात्र बहुतेक अनुभवच मोजतात. २०२५च्या जानेवारीत केंद्राची भरती गोठली आणि त्या वर्षभरात फेमातून पुष्कळ जुनी माणसं बाहेर पडली. त्यामुळे आज ‘केंद्र किंवा काहीच नाही’ असं ठरवून कर्ज काढू नका.

हॉस्पिटलांचं वेगळं आहे. मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पैसा घेणाऱ्या सतरा प्रकारच्या आरोग्यसंस्थांना आपत्कालीन योजना, प्रशिक्षण आणि सराव बंधनकारक करणारा नियम २०१६मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्या कागदांची जबाबदारी घेणारं कुणीतरी लागतंच. माझी नोकरी त्यातूनच उभी राहिली.

तिसरी पायरी : आधी फुकटात चाखून बघा

फेमाचे स्वयंअध्ययनाचे कोर्स ऑनलाइन आहेत आणि फुकट आहेत. आधी फेमाचा विद्यार्थी क्रमांक घ्यायचा, मग चार कोर्स या क्रमाने करायचे : आयएस-१००, आयएस-२००, आयएस-७००, आयएस-८००. दोन शनिवार-रविवार पुरतात. शेवटी परीक्षा असते आणि पास झालात की प्रमाणपत्र ईमेलने येतं.

पहिल्या दोघांत ‘इन्सिडंट कमांड सिस्टीम’ शिकवतात. १९७०मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा मदतीला आलेल्या अग्निशमन दलांची भाषा, रेडिओ, हुद्दे काहीच एकमेकांशी जुळत नव्हतं. त्या गोंधळातून ही पद्धत जन्मली. वर एक कमांडर, खाली चार विभाग : प्रत्यक्ष काम, नियोजन, सामान-सुमान, पैसा-कागद. प्रत्येकाला एकच वरिष्ठ. एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात जण, पाच असतील तर उत्तम.

मला हे पहिल्यांदा वाचताना आमच्या गणेशोत्सवाचा हॉल दिसायला लागला. प्रसादाची रांग, पार्किंग, माइक आणि हरवलेलं मूल या चारही गोष्टींसाठी लोक अध्यक्षांनाच हाका मारत असतात आणि अध्यक्ष स्वतः मोदकांचे ट्रे उचलत असतात. पुढच्या वर्षी कागदावर पाच चौकोन काढले आणि पार्किंगवाल्याला सांगितलं, “तू फक्त या एकाच माणसाशी बोलायचं.” आरती वेळेवर झाली. हे वाचून तुम्हालाही असंच काही आठवलं, तर हा विषय तुमचा आहे. आयएस-७००च्या तिसऱ्या पानावर डुलकी लागली, तर मोठी फी वाचली. खरंच सांगते, अपमान करून घेऊ नका. दर ओळीला एक संक्षेप असलेलं असंच गद्य पुढे अडीच वर्षं वाचायचं असतं.

चौथी पायरी : विद्यापीठ

सगळ्यात आधी मान्यता, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन. अमेरिकी शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी शोधता येते. तिथे विद्यापीठाचं नाव आणि मान्यता देणारी संस्था, दोन्ही बघा. हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स कमिशन अशी नावं दिसली तर ठीक. विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावरच्या सोनेरी शिक्क्यांना काही किंमत नाही.

नावं सांगायची तर तीन वेगळ्या जातींची तीन सांगते. पेन स्टेटच्या ‘वर्ल्ड कॅम्पस’वर होमलँड सिक्युरिटीची ऑनलाइन व्यावसायिक मास्टर्स आहे आणि तिच्यात सार्वजनिक आरोग्य, भू-अवकाशीय गुप्तवार्ता (नकाशे आणि उपग्रहचित्रांवरून काढलेली माहिती) असे वेगळे रस्ते धरता येतात. मोठं सरकारी विद्यापीठ, नाव सगळ्यांना ठाऊक. अमेरिकन मिलिटरी युनिव्हर्सिटी हे नफ्यासाठी चालणारं, पूर्ण ऑनलाइन. सैन्यातले पुष्कळ जण तिथे शिकतात, कारण बदली झाली तरी वर्ग सुटत नाही. तिसरं नाव कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमधल्या सीएचडीएस या केंद्राचं. अठरा महिने, बहुतेक अभ्यास दुरून, मधूनमधून दोन-दोन आठवडे प्रत्यक्ष हजेरी, शेवटी प्रबंध, आणि निवड झालेल्यांना फी नाही. पण ते सरकारी सेवेत असलेल्यांसाठीच. तुम्ही काउंटीत, पोलिसात, अग्निशमनात किंवा सार्वजनिक आरोग्य खात्यात असाल, तर पैसे भरून दुसरीकडे जाण्याआधी तिथे सध्या प्रवेश चालू आहेत का, ते आवर्जून विचारा.

विद्यापीठाशी बोलताना मी हे प्रश्न विचारायला सांगते. शिकवणारे कोण आहेत, आणि त्यातल्या किती जणांनी हे काम प्रत्यक्ष केलंय? वर्ग ठरलेल्या वेळी भरतो, की आपल्या सोयीने? शेवटी प्रबंध आहे की प्रकल्प? एका विषयाचा मागच्या सत्रातला सिलॅबस पाठवाल का? सिलॅबस द्यायला टाळाटाळ झाली तर मी ते नाव यादीतून काढते. मग लिंक्डइनवर दोन माजी विद्यार्थी शोधायचे आणि नम्रपणे पंधरा मिनिटं मागायची. मला चौघांपैकी तिघांनी दिली.

माझी चूक सांगते. ‘तुमच्यासाठी योग्य अभ्यासक्रम शोधा’ अशा एका पानावर मी खरा मोबाइल नंबर टाकला. आठवड्यात चौदा फोन. एका संस्थेच्या गोड आवाजाच्या मुलाने तर सांगितलं, की ‘सवलत’ आज मध्यरात्री संपतेय. पुढच्या महिन्यात तीच सवलत पुन्हा त्याच मध्यरात्री संपत होती.

पाचवी पायरी : पैसे

बहुतेक अभ्यासक्रम ३० ते ३६ क्रेडिटचे असतात. दर क्रेडिटची फी गुणिले क्रेडिट, वर तंत्रज्ञान शुल्क आणि पुस्तकं, असा पूर्ण आकडा आधी कागदावर मांडा. काही सरकारी विद्यापीठं ऑनलाइनला राज्यातले-बाहेरचे असा भेद करत नाहीत, काही करतात. विचारून घ्या.

मग कंपनीच्या एचआरकडे जा. नोकरी देणारा वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणखर्च करमुक्त देऊ शकतो. पुष्कळ हॉस्पिटलं आणि बँका देतात, फक्त कुणी मागत नाही. ही मर्यादा कॅलेंडर वर्षाची आहे आणि युक्ती तिथेच आहे. सप्टेंबरमध्ये सुरू करून चौथ्या वर्षाच्या मे महिन्यात संपवलंत, तर अभ्यास जेमतेम पावणेतीन वर्षांचा पण कॅलेंडरची वर्षं चार. म्हणजे २१,००० डॉलरपर्यंत. जानेवारीत सुरू करून दोन वर्षांत उरकलंत, तर त्याच्या निम्मे. अट एवढीच, की पदवीनंतर अमुक काळ नोकरी सोडायची नाही असा बाँड असतो का ते वाचा. माझ्याकडे एक वर्षाचा होता.

खिशातून भरलेल्या रकमेवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही करसवलत मिळू शकते, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, उत्पन्नाच्या मर्यादेत असाल तर. कंपनीने भरलेल्या पैशांवर तीच सवलत पुन्हा घेता येत नाही. केंद्राचं विद्यार्थी कर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, एच-१बीवाल्यांना नाही. आणि १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे मोठं कर्ज बंद. अशा मास्टर्ससाठी वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा राहते. प्रामाणिकपणे सांगायचं तर या पदवीसाठी त्याहून जास्त कर्ज काढायची वेळ येत असेल, तर स्वस्त विद्यापीठ शोधा.

सहावी पायरी : अर्ज

गुणपत्रकांचं काम आधी सुरू करा. भारतातल्या विद्यापीठाचं सीलबंद किंवा डिजिटल ट्रान्सक्रिप्ट लागतं आणि वर त्याचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. असेल, तर ‘तीन वर्षांची पदवी चालते का’ हा प्रश्न फी भरण्याआधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी एम.कॉम.सारखं पुढचं शिक्षण जोडून चालते. माझं ट्रान्सक्रिप्ट यायला तीन महिने गेले आणि माझा मावसभाऊ तीनदा खिडकीवर उभा राहिला. जीआरई पुष्कळ ठिकाणी मागत नाहीत.

हेतुपत्र, म्हणजे एसओपी, लिहिताना आपण सगळे एकच चूक करतो : ‘लहानपणापासून मला देशसेवेची ओढ होती.’ ते नको. आपल्या कामातली एक अडलेली गोष्ट सांगा. मी हे लिहिलं होतं : २९ ऑक्टोबर २०१२ला सँडी वादळ न्यू जर्सीवर आदळलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या खरेदी विभागात होते. वीज गेली, जनरेटर सुरू झाला. डिझेल किती तास पुरेल, असं मी तीन जणांना विचारलं. उत्तरं आली ४०, ७२ आणि “भरपूर आहे”. तिघेही खोटं बोलत नव्हते. एकाने टाकीची क्षमता सांगितली होती, दुसऱ्याने अर्ध्या भाराचा हिशेब, तिसऱ्याने धीर दिला होता. पुढच्या शनिवारी राज्यात बारा काउंट्यांमध्ये पेट्रोलसाठी सम-विषम नंबरांची पाळी सुरू झाली आणि मला कळेना, की हॉस्पिटलच्या टँकरला रांगेत पुढे घ्यायला कुणाला फोन करायचा. एवढंच. शेवटी एक वाक्य : याचं उत्तर कागदावर आधीच असायला हवं होतं, ते कसं आणायचं हे मला शिकायचं आहे.

शिफारसपत्रं वरिष्ठांकडून घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांना आता त्रास देऊ नका.

सातवी पायरी : आठवडा कसा जातो

वर्ग संगणकावर असतो पण वेळ खरा लागतो. एका विषयाला आठवड्याला बारा ते पंधरा तास धरा. मी एका सत्रात दोन विषय घेतले, एकदाच. त्या दिवाळीत फराळ दुकानातून आला.

रचना बहुतेक ठिकाणी सारखीच. सोमवारी वाचन उघडतं, दीडशे-दोनशे पानं. बुधवार-गुरुवारपर्यंत डिस्कशन बोर्डवर तुमचं उत्तर टाकायचं, रविवारी रात्री ११:५९पर्यंत किमान दोन सहाध्यायांना प्रतिसाद द्यायचा. “छान मांडलंय, सहमत” याला शून्य गुण. भारतात बसून करत असाल तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची ती मुदत सोमवारी सकाळी ९:२९ला पडते आणि तिथे हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेल्यावर १०:२९ला. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये हा एक तास अनेकांना गोत्यात आणतो.

लिखाणाची सवय पूर्ण बदलावी लागते. आपल्याला आधी पार्श्वभूमी, मग इतिहास, मग दोन्ही बाजू आणि शेवटी ‘अशा प्रकारे’ अशी शाळेतली वीण लागलेली असते. इथे दोन पानांचा मेमो मागतात आणि निष्कर्ष पहिल्या ओळीत हवा असतो. माझा पहिला मेमो परत आला तेव्हा समासात एवढंच होतं : “तुझं म्हणणं चौथ्या परिच्छेदात सापडलं.” मी तो चौथा परिच्छेद वर नेला, पहिल्या तिघांतले दोन काढून टाकले आणि गुण वाढले. तेव्हापासून लिहून झालं की शेवटचा परिच्छेद वर आणून बघते. दहापैकी आठ वेळा तो तिथेच शोभतो.

स्रोतांसाठी गुगलवर भटकू नका. अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन सेवेचे अहवाल २०१८पासून सगळ्यांना खुले आहेत आणि नवख्याला विषय समजवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. ‘गाओ’च्या अहवालात सुरुवातीचं ‘काय आढळलं’ हे एक पान आधी वाचा, मग ठरवा पुढे जायचं का. संदर्भांसाठी झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी बसवा.

एक सावधगिरी. कामाच्या ठिकाणचे अंतर्गत कागद, इमारतीचे नकाशे, सरावांतल्या त्रुटी यातलं काहीही वर्गात टाकायचं नाही. आणि फुटलेले गोपनीय कागद इंटरनेटवर दिसले तरी निबंधासाठी उतरवून घ्यायचे नाहीत. पुढे क्लिअरन्सच्या मुलाखतीत त्याचं उत्तर देणं अवघड जातं.

मुंबईचा आठवडा

दहशतवादाच्या विषयात एक आठवडा मुंबईचा होता. २६ नोव्हेंबर २००८. अमेरिकेने त्याचा अभ्यास फार लवकर सुरू केला. जानेवारी २००९मध्येच सिनेटच्या होमलँड सिक्युरिटी समितीपुढे ‘मुंबईचे धडे’ या विषयावर सुनावणी झाली आणि न्यूयॉर्कचे तेव्हाचे पोलीस आयुक्त रे केली यांनी साक्ष दिली. दहा जण, समुद्रातून, साध्या फोनवरून सीमेपलीकडून सूचना घेत. वर्गातलं वाचन सगळं याच बाजूचं होतं : शस्त्रं, फोन, हॉटेलं, कमांडो पोचायला लागलेला वेळ.

मी सीएसटीवरून दहा वर्षं लोकल पकडलेली बाई. मी बोर्डवर विष्णू झेंडेंबद्दल लिहिलं. रेल्वेचे उद्घोषक. गोळीबार सुरू झाल्यावर त्यांनी केबिन सोडली नाही. मेन लाइनच्या बाजूला जाऊ नका, मागून बाहेर पडा, असं ते माइकवरून सांगत राहिले आणि लोकलची गर्दी दुसरीकडे वळली. मेन लाइनच्या हॉलमध्ये पन्नासहून जास्त माणसं गेली. उपनगरी फलाटांवरही तसंच झालं असतं. लिहिताना डोळे भरून आले आणि मी चार परिच्छेद लिहिले.

शिकवणारे निवृत्त पोलीस अधिकारी होते. त्यांचं उत्तर आलं : “धन्यवाद, हे मला माहीत नव्हतं. आता दोन वाक्यांत सांग, याचा पेन स्टेशनच्या व्यवस्थापकाने काय उपयोग करायचा?” मला राग आला. रात्रभर विचार केला आणि सकाळी लिहिलं : उद्घोषकाच्या खोलीतून फलाट दिसला पाहिजे आणि वरिष्ठांची परवानगी न घेता गर्दी वळवायचा अधिकार त्याच्याकडे लेखी असला पाहिजे. सबंध मास्टर्समध्ये मी लिहिलेली सगळ्यात उपयोगी दोन वाक्यं हीच असावीत.

मराठी माणसाकडे अशी सामग्री भरपूर असते. २६ जुलै २००५चा मुंबईचा पाऊस, १९९३चा किल्लारीचा भूकंप, २६/११वरचा राम प्रधान समितीचा अहवाल. वर्गात ती आणा, फक्त शेवटची दोन वाक्यं विसरू नका.

आठवी पायरी : प्रबंध किंवा प्रकल्प

विषय आपल्या कामातून घ्या आणि लहान घ्या. ‘अमेरिकेची सीमासुरक्षा’ हा विषय नाही. ‘आमच्या काउंटीतल्या हॉस्पिटलांना वीज गेल्यावर इंधन कुणाच्या यादीने मिळतं’ हा आहे. सहकाऱ्यांच्या मुलाखती घेणार असाल तर विद्यापीठाच्या आयआरबी, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या, समितीची परवानगी आधी लागते. मी मुलाखतींच्या तारखा ठरवून टाकल्या आणि मग अर्ज केला. पाच आठवडे हात चोळत बसले, तोवर दोघं सुट्टीवर गेले. परवानगीचा अर्ज विषय ठरल्याच्या आठवड्यातच टाका.

भारतात असाल तर

पदवी भारतात सरकारी नोकरीसाठी किंवा पीएच.डी.साठी वापरायची असेल, तर ऑनलाइन परदेशी पदवीला समकक्षता मिळणं अवघड असतं. ठरवण्याआधी एआययू (भारतीय विद्यापीठांची संघटना) आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) चालू नियम वाचा. मला विचाराल तर अशांना मी इथलं सुचवतच नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, गांधीनगरजवळ राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे आणि दुरून शिकायचं असेल तर इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. स्टॅफर्ड कायद्यापेक्षा २००५चा आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा तिथे जास्त कामाला येईल. अमेरिकी पदवीचा अर्थ आहे तो बहुराष्ट्रीय कंपनीच्या ‘बिझनेस कंटिन्युइटी’, म्हणजे संकटातही काम चालू ठेवणाऱ्या, विभागात आधीच असलेल्यांना. पुण्या-मुंबईत तशी पदं आहेत.

पदवी हातात आल्यावर

आपत्ती व्यवस्थापनात पुढे जायचं असेल, तर आयएईएम या आपत्ती व्यवस्थापकांच्या संघटनेचं ‘सीईएम’ (प्रमाणित आपत्ती व्यवस्थापक) प्रमाणपत्र बघा. त्यासाठी अनुभव लागतोच, शिवाय आपत्ती व्यवस्थापनाचं १०० तासांचं आणि सर्वसाधारण व्यवस्थापनाचं १०० तासांचं प्रशिक्षण कागदोपत्री दाखवावं लागतं. अनुभव कमी असेल तर आधी त्याच्या खालचं ‘एईएम’. म्हणजे कार्यशाळा, सराव, फेमाचे कोर्स हे सगळं मोजलं जाऊ शकतं, पण पुरावा असेल तरच. मला ते पदवीनंतर कळलं आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका सरावाचं हजेरीपत्रक शोधत मी तळघरात तीन खोकी उपसली. तेव्हा एक फाइल आजच उघडा. आयएस-१००चं प्रमाणपत्र ईमेलने आलं, की छापून तिच्यात पहिल्या पानावर लावा आणि वर तास लिहा.